कसर उडी मारत नाही

प्रोफेसर वेस्टरहोफ आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले त्या शुक्रवारी आईने पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि त्याबद्दल मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तरी अजून पुरण वाटायला घेतलं की मला त्या माणसाची पांढरी दाढी आठवते, दाढीला लागलेलं तूप आठवतं, आणि डोक्यात सणक जाते. माझी मुलगी ईशा म्हणते, “आई, लेट इट गो. ही इज डेड.” मेलाय खरा. मेला म्हणून काय झालं? मेलेल्या माणसाचा राग धरू नये असं कुणी सांगितलंय? ईशा इथेच अबुधाबीत, खलिफा सिटीत वाढली, ती इंग्रजीत रागावते आणि इंग्रजीतच विसरते. मला मराठीत राग येतो, तो जात नाही.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्या ग्रंथालयात नोकरीला होते, त्या ग्रंथालयाने आपली हस्तलिखितं हल्ली इंटरनेटवर टाकली आहेत. मी चष्मा लावून ते एक पुस्तक शोधून काढलं. एकेक पान इतकं स्वच्छ दिसतं, की अण्णांनी चिकटवलेला जपानी कागदसुद्धा ओळखू येतो. आणि खाली टीप: पानांचा मूळ क्रम वेस्टरहोफ यांनी शोधला. तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच राहिला, निवला, साय धरली.

तर अण्णा. पुण्यात कसबा पेठेत त्यांचा जन्म, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा बुकबाइंडिंगचा. पुढे जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्या एका संस्थेत लागले आणि फाटकी पानं जोडायचं काम असं शिकले, की तिथे आलेल्या कुणा अरब पाहुण्याने त्यांचे हात बघून त्यांना थेट अबुधाबीला बोलावून घेतलं. एका श्रीमंत माणसाने जन्मभर जमवलेली हस्तलिखितं होती, त्यांचं ग्रंथालय होत होतं, आणि ती शिवायला माणूस हवा होता. अण्णांना अरबीचं अक्षर येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे, बसचा नंबर वाचता यावा म्हणून. सगळ्यांशी ते हिंदीत बोलायचे, मुदीरशी, म्हणजे ग्रंथालयाच्या प्रमुखाशी, मोडक्या इंग्रजीत, आणि पुस्तकाशी मराठीत. “हां, दुखतंय का, थांब, थांब,” असं चामड्याच्या पुठ्ठ्याशी बोलताना मी त्यांना कितीदा ऐकलंय.

घर हमदान स्ट्रीटच्या मागे, चौथ्या मजल्यावर, दीड खोलीचं. दिवसभर एसीची घरघर, खालच्या मशिदीतली बांग, आणि जिन्यातून गॅसचं सिलिंडर ओढत नेणाऱ्या माणसाचा खडखडाट. घराला कायम खळीचा वास. अण्णांना ग्रंथालयाच्या डब्यातली खळ पसंत नव्हती, म्हणून आई आमच्याच गॅसवर मैद्याची खळ शिजवायची, गुठळी होऊ न देता, एकाच दिशेने ढवळत. त्या पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला असायचा, कारण अण्णा पुढे त्यात मोरचूद घालायचे, आणि चुकून त्यात कुणी भात लावला असता तर आम्ही सगळे एकदम स्वर्गात गेलो असतो. तळमजल्यावर रत्नागिरीच्या हमीदाभाभी राहायच्या. त्या वर आल्या की नाक मुरडून म्हणायच्या, “तुमच्याकडं काय शिजतंय ते कधी कळत नाय बाई, खायचं का चिकटवायचं!”

मी शाळेत अरबी शिकत होते. इथे सगळ्यांनाच शिकावी लागते. बाकीची मुलं रडत शिकायची, मला मात्र ती भाषा लागली. लागली म्हणजे वेड लागतं तशी. पंधरा वर्षांची होते. वर्तमानपत्र वाचायचे, दुकानांच्या पाट्या वाचायचे, औषधाच्या बाटलीवरची लेबलं वाचायचे. अण्णांनी मोठ्या अभिमानाने हे मुदीरला सांगितलं, मुदीरने प्रोफेसरांना सांगितलं, आणि तो माणूस आमच्या दारात उभा राहिला. सहा फूट उंच, पायात सँडल आणि मोजे, हातात थर्मास. दारात वाकून त्याने स्वतः सँडल काढले. आई तिथेच विरघळली.

प्रोफेसर वेस्टरहोफ ग्रीक आणि लॅटिन शिकून मग अरबीकडे वळलेले. अशी माणसं जर्मनीत पिढ्यान्पिढ्या होत आली, हे मला त्यांनीच सांगितलं. मूळ ग्रीक पुस्तक काळाच्या ओघात हरवतं, त्याचं अरबी भाषांतर बगदादमध्ये कुणीतरी हजार वर्षांपूर्वी केलेलं असतं, ते कुठेतरी धूळ खात टिकतं, आणि मग यांच्यासारखा कुणी त्या अरबीच्या आडून हरवलेलं ग्रीक ऐकायचा प्रयत्न करतो. त्यांच्या गुरूने म्हणे एका शब्दासाठी इस्तंबूलला तीन हिवाळे काढले होते. गुरूच्या गुरूला डोळे गेल्यावरही ग्रीक नाटकं तोंडपाठ होती. हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि माझेही यायचे, खोटं कशाला बोलू. आमच्या वर्गातल्या मुली सिनेमातल्या नटांचे फोटो वहीत ठेवायच्या, आणि मी दाढीवाल्या जर्मन म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून खुळावले होते.

दर शुक्रवारी ग्रंथालय बंद. दुपारच्या जेवणानंतर प्रोफेसर यायचे. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनी उतरवून काढलेला मजकूर मी मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी भिंग लावून हस्तलिखिताच्या फोटोंत अक्षर अन् अक्षर ताडून बघायचं, अशी पद्धत. एका ओळीला कधी तास लागायचा. पुस्तक कुणा ग्रीक वैद्याने पाण्यावर लिहिलेलं: विहिरीचं पाणी कसं, झऱ्याचं कसं, गारा वितळल्या की ते पाणी का पिऊ नये. त्यांच्या पुस्तकांत प्रत्येक पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टिपा असायच्या. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, “फ्रॉयलाइन शैला, हाच आमचा धर्म.” एखादा शब्द बिघडलेला असतो, कुणीतरी सुचवतं की इथे अमुक शब्द असावा. ते पटलं, तर तळाशी सुचवणाऱ्याचं नाव द्यायचं. तो दोनशे वर्षांपूर्वी मेलेला असो, विद्यार्थी असो, शत्रू असो. “नाव गाळणं म्हणजे चोरी,” ते म्हणाले. अगदी ह्याच शब्दांत. आमच्या पाटावर बसून, आमचा चहा पीत.

त्या पुस्तकात एक घोळ होता. विहिरीचं चाललेलं असताना वाक्य अर्धवट तुटायचं आणि एकदम गारा सुरू व्हायच्या. पुढे पुन्हा तुटायचं, पुन्हा तिसरंच काही. प्रोफेसरांचं म्हणणं असं, की मधली पानं हरवली आणि कुणीतरी दुसऱ्याच लेखकाचा ग्रंथ मध्ये शिवून टाकला. म्हणजे लेखक दोन. यावर त्यांनी अकरा वर्षं लेख लिहिले होते, आणि जर्मनीतल्याच दुसऱ्या गावच्या एका प्रोफेसराशी त्यांचं त्यावरून हाडवैर होतं. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायची जुनी रीत, पण कुणा जुन्या बाइंडरने कडा छाटताना ते शब्दही छाटले होते. त्यामुळे क्रम तपासायला काहीच नव्हतं.

मग ते पुस्तक दुरुस्तीला अण्णांच्या टेबलावर आलं. शिवण कुजली होती, म्हणून त्यांनी ती उसवली. आठ-आठ पानांचा एकेक जुज सुटा केला. आणि एका शुक्रवारी सकाळी बघते तर आमच्या जेवणाच्या टेबलावर बटर पेपरच बटर पेपर. अण्णांनी प्रत्येक पानाची बाह्यरेषा आणि त्यावरचं कागद खाणाऱ्या कसरीचं भोकन् भोक पेन्सिलीने उतरवून आणलं होतं. आईची चिडचिड चालू होती, ताटं जमिनीवर मांडावी लागली म्हणून. अण्णांचं लक्षच नव्हतं.

“शैला, इकडे ये. मागच्या पुठ्ठ्याकडून बघत ये, हे भोक बघ. ह्या पानावर एवढं, पुढच्यावर जरा बारीक, त्याच्या पुढच्यावर आणखी बारीक. आणि मग एकदम गायब. आठ पानं काहीच नाही. आणि नवव्या पानावर परत हजर, त्याच जागी. असं कसं होईल?”

“कसर दुसरीकडे गेली असेल.”

“कसर उडी मारत नाही,” अण्णा म्हणाले. “ती खात खात जाते. पानं हललीत. कुणीतरी शिवताना जुज चुकवलेत.”

त्यांनी भोकाला भोक जुळवत कागद लावले. तिसरा जुज सहावा झाला, पाचवा चौथा. मग मला म्हणाले, आता तू वाच. मी प्रोफेसरांचा मजकूर काढला. अण्णांनी लावलेल्या क्रमाने एका जुजाची शेवटची ओळ वाचली, पुढच्या जुजाची पहिली वाचली. विहिरीचं तुटलेलं वाक्य पुरं झालं. मी दुसरा सांधा बघितला. तोही जुळला. सगळे जुळले. एकही पान हरवलं नव्हतं, दुसरा लेखक नव्हताच. मी किंचाळले. आई स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं पाल पडली. अण्णा नुसते हसत होते आणि टक्कल खाजवत होते. अक्षर न वाचता येणाऱ्या माझ्या बापाने ते पुस्तक हजारो मैलांवर बसलेल्या सगळ्या जर्मन पंडितांच्या आधी नीट लावलं होतं. त्या सकाळएवढी आनंदी सकाळ आमच्या त्या घरात दुसरी झाली नाही.

दुपारी प्रोफेसर आले. अण्णांनी त्यांना टेबलापाशी नेऊन सगळं दाखवलं, मी मध्ये मध्ये इंग्रजी करून सांगत होते. ते भिंग काढून एकेक भोक बघत गेले. खुर्चीत बसले. मग पाणी मागितलं. अकरा वर्षांचे लेख कचऱ्यात गेले होते, ते मला कळत होतं, आणि मला त्यांची दया आली. दया! शेवटी ते उठले, अण्णांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “हेर तांबट,” हेर म्हणजे त्यांच्याकडचं श्रीयुत, “मी तुमचा ऋणी आहे.” जाताना विचारलं, हे बटर पेपर मी नेऊ का, अभ्यासाला. अण्णा म्हणाले, न्या की, सर. आईने वर डब्यात करंज्या घालून दिल्या.

दीड वर्षाने पुस्तक छापून आलं. मधल्या काळात मी शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकावरून आणि पुढे प्रोफेसरांच्याच पत्रांतून जर्मन शिकायला लागले होते, कारण बारावीनंतर मी त्यांच्याकडेच शिकायला जायचं असं ठरत होतं. त्यांनी प्रवेशाचं आणि शिष्यवृत्तीचं बघतो म्हणून कळवलं होतं. पुस्तकाची एक प्रत मुदीरकडे आली आणि अण्णा एक दिवसासाठी ती घरी घेऊन आले. मी डिक्शनरी घेऊन प्रस्तावनेला बसले. तिसऱ्या पानावर थांबले. लिहिलं होतं, की कसरीच्या भोकांवरून ग्रंथाचा मूळ क्रम “आम्हाला” आढळला. आणि पुढे ते वाक्य. अण्णांचं. कसर उडी मारत नाही. जसंच्या तसं, जर्मनमध्ये.

आभारांचं पान उलटलं. संस्थांचे आभार, मुदीरचे आभार, बायकोचे आभार, तीन विद्यार्थ्यांचे, गेस्टहाउसच्या स्वयंपाक्याचे. कुत्र्याचेसुद्धा. लिहिताना पायाशी बसून सोबत केली म्हणून. कुत्र्याचं नाव होतं. अण्णांचं नव्हतं. मी सगळं पुस्तक पालथं घातलं, प्रत्येक पानाच्या तळाची मुंगीएवढी अक्षरं बोट ठेवून वाचली. ज्याच्याशी हाडवैर त्या प्रोफेसराचं नाव चाळीस वेळा. मनोहर तांबट एकदाही नाही.

अण्णांना सांगितलं तर त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कणा वाकवून बघितला, आणि म्हणाले, “मशीनची बांधणी आहे. दहा वर्षांत पानं सुटतील.”

“अण्णा, मी काय सांगतेय!”

“ऐकलं. अगं, मी भोकं बघितली. पुस्तक त्यांनी केलं. मला वाचता तरी येतं का ते?”

“तुमचं वाक्यसुद्धा चोरलंय त्याने!”

“वाक्य काय, कुणीही बोलतं,” म्हणाले आणि खळ ढवळायला गेले. हमीदाभाभींना कळलं तेव्हा त्या कडाडल्या, “त्या गोऱ्याच्या घशात घातलंत तुम्ही सगळं, आणि वर करंज्या दिल्यात!” आईने मान खाली घातली.

पुढच्या हिवाळ्यात ग्रंथालयात प्रोफेसरांचं भाषण ठेवलं. मोठं झुंबर, गालिचे, पुढच्या रांगेत पांढरे पायघोळ कंदुरे घातलेली प्रतिष्ठित मंडळी, वकिलातींतले लोक, छोट्या कपांतून गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरतोय, खजुराची ताटं फिरताहेत. आम्ही मागून दुसऱ्या रांगेत. आई काठापदराची साडी नेसून आली होती, अण्णांनी टाय लावला होता, आणि नखांत नेहमीसारखी खळ. मी ठरवून काही गेले नव्हते, हे आजही शपथेवर सांगते. मला वाटत होतं, इथे तरी तो माणूस नाव घेईल. समोर बसलाय आमचा बाप, आता तरी घेईल. तासभर मी त्या एका नावाची वाट बघत बसले.

ते इंग्रजीत बोलत होते. दोन लेखकांचा सिद्धांत आपण स्वतःच मांडला होता, हे मोठ्या मनाने कबूल केलं. लोक कौतुकाने हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि एका शुक्रवारी, इथे अबुधाबीत, मी एक पान उजेडासमोर धरलं...”

मी उभी राहिले. आवाज चांगला निघाला. “एक्स्क्यूज मी, सर. ते पान तुम्ही धरलं नव्हतं. माझ्या वडिलांनी धरलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर. त्यांचं नाव मनोहर शंकर तांबट, ते इथे बाइंडर आहेत, आणि भोकं त्यांनी जुळवली. तुम्ही मला सांगितलं होतंत, नाव गाळणं म्हणजे चोरी. मग हे काय आहे?”

गाहवा फिरवणारा माणूस जागच्या जागी थांबला. प्रोफेसर माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, दुःखी चेहऱ्याने, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मुदीर वळले. “मनोहर,” त्यांनी विचारलं, “इज धिस ट्रू?”

अण्णा उठले. टायची गाठ नीट केली. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला इतकी खात्री होती, इतकी, की मी हसतसुद्धा असेन.

“नो सर,” अण्णा म्हणाले. “माय डॉटर, शी इज चाइल्ड. मिस्टेक. आय ओन्ली डू स्टिचिंग. सॉरी, सर.”

मला आधी कळलंच नाही की ते काय बोलले. प्रोफेसर लगेच सावरले आणि म्हणाले, हेर तांबटांचे हात सोन्याचे आहेत, त्यांच्या शिवणीशिवाय हे पुस्तक आज उभं राहिलं नसतं, आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवूया. आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. अण्णांनी दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून, सगळ्यांना नमस्कार केला.

नंतर खजुराच्या टेबलापाशी प्रोफेसरांनी मला गाठलं. “तू रागावली आहेस, ते समजतं,” म्हणाले. “पण शोध म्हणजे काय, ते तू शिकशील. तुझ्या वडिलांनी भोकं बघितली. ग्रंथ मी बघितला.” आणि कोटाच्या खिशातून एक लांब पाकीट काढून त्यांनी अण्णांच्या हातात दिलं. माझ्या हातात नाही. माझा प्रवेश झाला होता, शिष्यवृत्तीसकट. अण्णांना ते पाकीट येणार हे आठ दिवस आधीपासून माहीत होतं. मुदीरने सांगितलं होतं.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बापाला बोलू नये असं सगळं बोलले. भित्रा म्हणाले, हमाल म्हणाले. अण्णा कॉटवर बसून मोजे काढत होते. शेवटी म्हणाले, “तुला तिकडे जायचंय ना? मग झालं. खलास.” मी म्हटलं, “मी जाणार नाही. त्याचं तोंडसुद्धा बघणार नाही.” तेव्हा आई बोलली. इतका वेळ ती साडीची घडी घालत होती. ती माझ्याशी बोलली नाही, त्यांच्याशी बोलली. “अहो, तुम्ही नाही म्हणालात ते तिच्यासाठी, ते मला कळतं. पण टाळ्या वाजल्या तेव्हा वाकलात कशाला?” अण्णा दुसरा मोजा काढत राहिले. एवढं मोठं भांडण आमच्या घरात पुढे कधी झालं नाही, आणि ह्या एका प्रश्नाचं उत्तरही आईला कधी मिळालं नाही.

आता खरं ते सांगते. मी गेले. दोन महिने अण्णांशी धड बोलले नाही, पाकीट उघडणार नाही म्हणून तणतणले, आणि सप्टेंबरात बॅग भरून विमानात बसले. जबरदस्ती कुणी केली नाही. मला ते शिकायचं होतं, बस. ग्रीक शिकायचं होतं, हरवलेली पुस्तकं वाचायची होती, त्या दाढीवाल्यांच्या रांगेत बसायचं होतं. लोक मला विचारतात, इतकी वर्षं तू ह्या क्षेत्रात आहेस, स्वतःची पुस्तकं आहेत, मग हे आधी का नाही लिहिलंस? मी म्हणते, पुरावा नव्हता, बटर पेपर तो घेऊन गेला होता. डोंबलाचा पुरावा! मी होते की पुरावा.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा तास होता. थंड खोली, लांब टेबल, बारा विद्यार्थी, सगळ्यांपुढे वह्या. प्रोफेसरांनी पाण्याच्या पुस्तकाची गोष्ट सांगायला घेतली. आणि त्यांना ती नीट सांगता येईना. कसर मागच्या पुठ्ठ्यातून आत शिरली होती, म्हणून भोक मागे मोठं आणि पुढे येत बारीक होत जातं. बोलायची सुरुवात मागून केली तरच डोक्यात चित्र बसतं. त्यांनी पहिल्या पानापासून केली. एका मुलाने हात वर केला, की मग भोक मोठं कसं होत जातं, किडा काय वाढतो का खाता खाता? सगळे हसले. प्रोफेसर गोंधळले, फळ्यावर काहीतरी काढलं, पुसलं. मला हे सगळं दोन मिनिटांत सांगता आलं असतं, कुणाकडून शिकले तेही सांगता आलं असतं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, “ह्या फ्रॉयलाइन तर अबुधाबीच्याच. त्यांनी ते हस्तलिखित पाहिलंय. मी सांगितलं तसंच आहे ना?”

बारा माना माझ्याकडे वळल्या. भर हॉलमध्ये उभी राहून ओरडलेली मुलगी मीच होते, आणि त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

“हो, हेर प्रोफेसर,” मी म्हटलं. “तसंच.”

रविवारी बूथमधून घरी फोन लावला. आईने थंडीचं आणि जेवणाचं विचारलं आणि रिसीव्हर अण्णांकडे दिला. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, ओरडूनच बोलायचे.

“सरांचा तास झाला का गं?”

“झाला.”

“आपल्या पुस्तकाचं सांगितलं त्यांनी?”

“सांगितलं.”

“मागून सुरुवात केली ना? पुढून केली की पोरांचा घोटाळा होतो. नीट समजलं ना सगळ्यांना?”

“मागूनच केली, अण्णा,” मी म्हटलं. “सगळ्यांना समजलं.”

“मग छान,” अण्णा म्हणाले, आणि इतक्या समाधानाने म्हणाले, की त्या काचेच्या बूथमध्ये उभ्या उभ्या मला कुणाच्या थोबाडीत मारावीशी वाटली असेल तर ती माझ्या स्वतःच्या.